मशीन घेण्याआधी: किती नग आणि कोणत्या पद्धतीने?

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या माझ्या शेडमध्ये मागच्या भिंतीला टेकून एक प्रोग्रेसिव्ह डाय पडून आहे, म्हणजे प्रेसवर बसवून पत्रा कापणं, भोकं पाडणं, वाकवणं हे सगळं एकाच वेळी करणारा साचा. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. ती बनवायला मला ३ लाख ४० हजार रुपये लागले. ज्या ब्रॅकेटसाठी ती बनवली तो महिन्याला २० हजार नग जाईल, असं गिऱ्हाइकाने चहा पिता पिता सांगितलं होतं. प्रत्यक्षात महिन्याला दीड हजार गेले, तेही नऊच महिने. मग मॉडेल बदललं. एकूण १३,५०० नग निघाले, म्हणजे नगामागे २५ रुपये नुसता डायचा खर्च बसला. मी दर दिला होता २० हजारांच्या हिशोबाने, मटेरियल धरून १४ रुपये.

त्या वेळी माझं काम चांगलं होतं, डायही चांगली होती. चुकली ती पद्धतीची निवड. हजारांच्या कामाला मी लाखांची पद्धत लावली. मराठवाड्यात आज पापडाच्या गटापासून ऑटो पार्टच्या शेडपर्यंत बहुतेक जण हाच निर्णय उलट्या क्रमाने घेतात: आधी मशीन, मग कर्ज, मग ऑर्डरची शोधाशोध. हा लेख तो क्रम सुलटा करण्यासाठी आहे. हातात वही घेऊन वाचा, कारण आकडे तुमचेच भरायचे आहेत.

पायरी १: मागणी कागदावर घ्या

वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा. एका ऑर्डरला किती नग (किंवा किलो), वर्षाला एकूण किती, त्यात प्रकार किती, आणि ही मागणी किती वर्षं टिकेल.

चौथ्या प्रश्नावर सगळे घसरतात. ‘महिन्याला अमुक जाईल’ हे बोलणं आणि हातात आलेली पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी आता सरळ विचारतो: हा पार्ट कोणत्या मॉडेलला लागतो, ते मॉडेल चालू आहे की नवीन येतंय, आज हा पार्ट दुसरं कोण देतंय, मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती उचललेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर सांगितलेल्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरून हिशोब करतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. डायचा खर्च गिऱ्हाइकाकडून वेगळ्या पीओने घ्या. डाय त्याच्या मालकीची, तुमच्याकडे फक्त वापरायला. अशी विचारणा करताना नवीन माणसाला संकोच वाटतो. मलाही वाटला होता, म्हणून तर ती डाय माझ्या भिंतीला आहे. ज्याला खरोखर २० हजार नग हवेत तो डायच्या खर्चाला सहसा नाही म्हणत नाही, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्या २० हजारांवर पुन्हा एकदा विचार करावा.

खाण्याच्या वस्तूंत पीओ नसते, तिथे विक्रीच मोजावी लागते. दोन महिने हाताने बनवून विका आणि रोजचा आकडा लिहा. लग्नसराई, दिवाळी, उन्हाळ्याची वाळवणं असा हंगाम वेगळा काढा. हंगामातला आकडा बाराने गुणून मशीन घेणारे लोक मी पाहिले आहेत.

पायरी २: चार पद्धती ओळखा

वस्तू बनवण्याच्या पद्धती ढोबळमानाने चार. चारही आपल्या मराठवाड्यात नांदतात, म्हणून पुस्तकापेक्षा गावंच बघू.

पहिली, एकेक नग. पैठणच्या मागावर बसलेला विणकर पदरातला मोर विणतो तेव्हा प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी असते, आणि आडवा धागा जिथे रंग बदलतो तिथे तो हाताने दुसऱ्या धाग्यात अडकवत जातो. म्हणून पैठणीचा पदर पुढून-मागून सारखा दिसतो. पदर जितका भरलेला तितके महिने जास्त. इथे पैसा कौशल्याचा आणि वेळेचा मिळतो. हत्यारं साधी, गुंतवणूक कमी, चूक झाली तर एकाच नगाची. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा वस्तूला लाखाच्या संख्येच्या मागे लावलं की तिची किंमतच संपते. फॅब्रिकेशनवाल्याचं गेट, एखाद्या कारखान्यासाठी बनवलेलं खास यंत्र, डायमेकरची डाय ही सगळी याच पद्धतीची कामं.

दुसरी, लॉट पद्धत. लॉट म्हणजे एका सेटिंगमध्ये काढलेला माल: आज ५०० नग या पार्टचे, उद्या ८०० त्या पार्टचे, मशीन तेच. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या बहुतेक लहान शेडची, बेकरीची, मसाल्याच्या गटाची, छापखान्याची हीच पद्धत. यातलं सगळं नफा-नुकसान सेटिंगच्या वेळेत असतं, त्याकडे पायरी ४ मध्ये येतो.

तिसरी, साखळी उत्पादन. वस्तू एकच, संख्या मोठी, काम तुकड्यांत वाटलेलं, प्रत्येक जागी एकच काम. अमेरिकेत हायलंड पार्कच्या कारखान्यात हेन्री फोर्डने १९१३ मध्ये चालती असेंब्ली लाइन लावली आणि चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून ९३ मिनिटांवर आला. तीच कल्पना १९८५ पासून आपल्या वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्यात चालते. आपल्यासारख्या व्हेंडरने, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याने, यातून एक गोष्ट ओळखून घ्यायची: साखळी थांबली तर तिथला प्रत्येक मिनिट पैशाचा असतो, म्हणून ते लोक वेळेवर माल येण्याबद्दल इतके कडक असतात. तुमचा दर दहा पैशांनी जास्त असला तरी चालून जातं, पण सकाळी आठची गाडी चुकलेली चालत नाही.

चौथी, अखंड उत्पादन. जालन्याच्या स्टील कारखान्यांत भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून केलेलं सच्छिद्र लोखंड) विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात, त्याचे बिलेट, म्हणजे जाड चौकोनी कांबी, ओततात आणि लालबुंद असतानाच ते रोलिंग मिलमधून काढून सळई करतात. गरम असतानाच का? कारण बिलेट थंड होऊ दिलं तर पुन्हा तापवायला इंधन लागतं. नुसतं वितळवायलाच टनाला पाचशेच्या वर युनिट वीज जाते. साखर कारखान्याचंही तसंच. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, म्हणून हंगामात गाळप दिवसरात्र चालतं. या पद्धतीत थांबणं हाच सगळ्यात मोठा खर्च, त्यामुळे लहान भांडवलाच्या माणसाने एकट्याने इकडे वळू नये असं माझं मत आहे.

लातूरची डाळमिल दुसऱ्या आणि चौथ्या पद्धतीच्या मध्ये बसते. तूर साफ होते, एमरीच्या खरखरीत रोलरवर सालाला ओरखडे पाडतात, थोडं तेल लावून मुरवत ठेवतात, वाळवतात, मग भरडून साल आणि डाळ वेगळी होते. मशीनवरून दाणा अखंड वाहतो, पण मुरवण आणि वाळवण ढिगाढिगाने होतं. १०० किलो तुरीमागे साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. या उताऱ्यातला एक-दोन किलोचा फरकच मिलचा नफा ठरवतो. मोठी मिल की छोटी, हा प्रश्न त्यानंतरचा.

पायरी ३: एकच वस्तू चार प्रकारे करून बघा, वहीत

माझाच ब्रॅकेट घेऊ. ३ मिलिमीटरची पट्टी, दोन भोकं, एक वाक. खालचे आकडे फक्त करणावळीचे आहेत, मटेरियल सोडून, आणि समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. तुमच्या भागातले दर काढून तुमचे भरा.

हाताने: ग्राइंडरने कापा, मार्किंग करून ड्रिल मारा, व्हाइसमध्ये वाकवा. आधीचा खर्च शून्य, नगाला ४५ रुपये.

लेझरवर कापून, प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) वाकवून: प्रोग्रॅम आणि किमान आकारणी मिळून १,५०० रुपये, नगाला १८.

तीन साध्या डाय, एक कापायची, एक भोकांची, एक वाकवायची: १ लाख २० हजार, नगाला ६.

प्रोग्रेसिव्ह डाय, एकाच फटक्यात सगळं: ३ लाख ४० हजार, नगाला २.

आता सूत्र. आधीच्या खर्चातला फरक भागिले नगामागच्या खर्चातला फरक. जे उत्तर येईल तितक्या नगांनंतर पुढची पद्धत परवडते.

हातावरून लेझरवर: १,५०० भागिले २७, म्हणजे ५६ नग. लेझरवरून साध्या डायवर: या हिशोबात लेझरचे १,५०० किरकोळ धरून सोडले तर १,२०,००० भागिले १२, म्हणजे १०,००० नग. साध्या डायवरून प्रोग्रेसिव्हवर: २,२०,००० भागिले ४, म्हणजे ५५,००० नग.

माझे १३,५०० नग या पट्टीवर ठेवून बघा. साध्या तीन डायने २ लाख १ हजारात झाले असते. लेझरवर २ लाख ४५ हजारात. मी केले ३ लाख ६७ हजारात. आणि लेझरवर सुरुवात केली असती तर पहिल्या दोन महिन्यांतच कळलं असतं की हे काही २० हजार जात नाहीत.

म्हणून माझा आता ठरलेला रस्ता असा: पहिले नमुने हाताने, पहिले दोन-तीन महिने लेझरवर बाहेरून जॉबवर्क करून, मागणी स्थिर दिसली की साध्या डाय, आणि ५५ हजारांच्या वर नगांचा लिखित भरवसा असेल तरच प्रोग्रेसिव्ह. लेझरच्या काळात नफा जवळपास नसतो. ती मी शिकवणीची फी समजतो.

डाय बनवायची वेळ आली की चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो जर्मन टूल रूममध्ये जाऊन बोला. टूल डिझाइन, मशीनिंग आणि प्रशिक्षण तिन्ही तिथे आहे. प्लास्टिकचं काम असेल तर सिपेट ही केंद्र सरकारची संस्था. खाद्यपदार्थांसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. मशीन विकणाऱ्याच्या आधी या लोकांकडे जावं, कारण त्यांना तुम्हाला काही विकायचं नसतं.

पायरी ४: लॉट किती मोठा धरायचा?

लहान उद्योगाचं आयुष्य लॉट पद्धतीतच जातं, म्हणून इथे जास्त थांबतो.

समजा प्रेसवर डाय बांधायला, जुळवायला आणि पहिला नग पास करून घ्यायला दोन तास लागतात. त्यानंतर तासाला ५०० नग निघतात. प्रेसचा तास सगळा खर्च धरून ६०० रुपये. ५०० चा लॉट घेतला तर सेटिंगचे १,२०० रुपये ५०० नगांवर पडतात, नगाला २ रुपये ४० पैसे. ५,००० चा घेतला तर २४ पैसे. हे बघून कुणीही म्हणेल, मोठाच लॉट काढा.

पण गिऱ्हाईक आठवड्याला ५०० च उचलतं. मग उरलेले ४,५०० नग १४ रुपयांच्या भावाने, म्हणजे ६३ हजार रुपये, दोन-अडीच महिने क्रेटमध्ये बसतात. पावसाळ्यात गंज धरतो. मधेच ड्रॉइंग बदललं तर सगळा माल भंगाराच्या भावाने जातो. आणि लॉटमध्ये चूक झाली असेल तर ती पाच हजार नगांत असते.

यातून सुटका एकच, सेटिंगचा वेळ कमी करणं. जपानमध्ये शिगेओ शिंगो या अभियंत्याने हेच काम अनेक वर्षं केलं. टोयोटात १,००० टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. १९६९ मध्ये त्याने काम हाती घेतलं. आधी वेळ दीड तासावर आला आणि मग तीन मिनिटांवर. त्याचं मूळ तत्त्व आपल्या शेडमध्येही जसंच्या तसं चालतं: मशीन थांबवूनच करावी लागतात ती कामं वेगळी काढा आणि मशीन चालू असताना करता येतात ती वेगळी. दुसऱ्या प्रकारातलं एकही काम मशीन थांबवून करायचं नाही.

आमच्याकडे हे कसं केलं ते सांगतो. एका रविवारी सेटर डाय बदलत असताना मी स्टूलवर बसून मोबाइलवर सगळं शूट केलं. १ तास ५० मिनिटं. नंतर आम्ही दोघांनी ते बसून पाहिलं. २२ मिनिटं तो स्पॅनर आणि बोल्ट शोधत होता. १५ मिनिटं डाय रॅकवरून आणण्यात गेली. अर्धा तास रॅमची (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाची) उंची जुळवण्यात, कारण प्रत्येक डायची उंची वेगळी. दहा मिनिटं नग तपासायचं गेज कुणाच्या टेबलावर आहे त्याची चौकशी.

मग सगळ्या डायच्या खाली पॅकिंग प्लेट लावून उंची एक केली. क्लॅम्पचे सगळे बोल्ट एकाच मापाचे केले, म्हणजे एकच पाना लागतो. आधीचा लॉट संपायच्या अर्धा तास अगोदर पुढची डाय ट्रॉलीवर प्रेसपाशी येऊन उभी राहते, सोबत तिचं गेज, पास झालेला जुना नमुना आणि पुढची शीट. एकूण खर्च १८ हजारांच्या आसपास आला. वेळ २५ मिनिटांवर आला. आता ५०० च्या लॉटला सेटिंगचे फक्त ५० पैसे पडतात आणि क्रेटमध्ये पैसा अडकत नाही. इतक्या कमी खर्चात इतका फायदा मला दुसऱ्या कशातही मिळालेला नाही.

प्रेसचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती माझ्या मनातून जात नाही. आमच्याच गल्लीतल्या एका शेडमध्ये एका वीस-बावीस वर्षांच्या मुलाची तीन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. पायाच्या पेडलवर प्रेस चालत होती, एक हात डायमध्ये होता. उत्पादन वाढवताना हेच आधी होतं: वेग वाढतो आणि हात वाचवणारं गार्ड काढून ठेवलं जातं. पेडल काढून दोन हातांची बटणं बसवा, दोन्ही हात एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम खाली येऊ नये. नग टाकायला-काढायला चुंबकाचा चिमटा द्या. हा खर्च दरात धरा. गिऱ्हाईक तेवढ्यासाठी सोडून जात असेल तर जाऊ द्या.

पायरी ५: अडणारी जागा शोधा

कळंब तालुक्यात माझ्या मावसबहिणीचा बचत गट आहे. चौदा बायका, मुख्य माल कुरडया. मागच्या वर्षी फेब्रुवारीत तिचा फोन आला. “दादा, मशीनवाला उद्या कोटेशन घेऊन येतोय. तासाला पन्नास किलो काढतंय म्हणं. साडेतीन लाख. सही करू का?”

मी म्हटलं, “सही नको, मी रविवारी येतो.”

गेलो आणि दिवसभर नुसतं मोजलं. गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात. मग वाटून, गाळून चीक रात्रभर ठेवतात, सकाळी वरचं पाणी ओतून देतात. चीक शिजवतात आणि गरम असतानाच सोऱ्याने कुरडया घालतात. मग दोन कडक उन्हं. गव्हाच्या हिशोबात लिहिलं तर भिजवायच्या पिंपांची ताकद रोजची ३५ किलो. शिजवायची ४०. पाच बायका सोऱ्यावर बसल्या तर ३०. आणि गच्ची? गच्चीवर एका वेळी ४० किलोच्या कुरडया मावतात, पण त्या दोन दिवस जागा अडवतात. म्हणजे रोजचे २०.

साडेतीन लाखांचं मशीन आणलं असतं तरी माल २० किलोचाच निघाला असता. उरलेला ओला चीक आंबला असता. मार्च-एप्रिलच्या अवकाळी पावसात तर २० चाही भरवसा नाही. वर्षातून दोनदा तरी अख्खी गच्ची भिजते, असं त्या बायका सांगत होत्या.

कुठल्याही उद्योगात हे कोष्टक करा. प्रत्येक टप्प्यासमोर त्याची रोजची क्षमता लिहा. सगळ्यात लहान आकडा हीच तुमची खरी क्षमता. पैसा घालायचा तो त्याच टप्प्यावर. तो रुंद झाला की अडणारी जागा पुढच्या टप्प्यावर सरकते, मग तिथे बघायचं. क्षमता मोजताना आठ तासांची पाळी आठ तास धरू नका. जेवण, चहा, सफाई, लाइट जाणं हे वजा करून मी साडेसहा तास धरतो.

गटाने मशीनऐवजी गच्चीवर झाकलेला सौर ड्रायर केला, १ लाख १० हजारांत. त्यात कुरडया दीड दिवसात वाळतात आणि ढग आले तरी भिजत नाहीत. उरलेल्या गच्चीसह वाळवण रोजचं ४५ किलोवर गेलं. आता सोऱ्याची जागा अडते, ३० किलोवर. तिथे आधी आणखी दोन बायका बसवल्या.

पायरी ६: पाणी, वीज आणि अडकणारा पैसा

पाण्याचं लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या प्रक्रियेत धुणं, भिजवणं, प्लेटिंग आहे ती निवडताना मे महिन्यातलं पाणी धरा, ऑगस्टमधलं नव्हे. टँकरचा दर नगाच्या खर्चात लिहा. विजेचं इतकंच, की महावितरणचा मंजूर भार नव्या मशीनसह पुरतो का हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारून घ्या; भार वाढवायचा म्हणजे अर्ज, पैसे आणि थांबणं.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. संख्या वाढली की नफ्याआधी उधारी वाढते. समजा महिन्याला ६ लाखांचा माल जातो, त्यात मटेरियल ३ लाख ६० हजारांचं, आणि ते रोखीने घ्यावं लागतं. शीट आली, माल बनला, गेला, बिल पास झालं, पैसे आले, यात ७५ दिवस गेले तर ९ लाख रुपये कायमचे फिरत राहतात. विक्री दुप्पट केली की १८ लाख लागतात. मशीनचं कर्ज सगळे काढतात, पण हे खेळतं भांडवल कुणी मागतच नाही. भरल्या ऑर्डरबुकावर शेड बंद पडते ती यामुळे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. त्यासाठी तुमची उद्यम नोंदणी हवी, आणि बिलावर तो क्रमांक छापलेला असला तर बरं. नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका.

पायरी ७: कागदावरचा आकार

१ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. जमीन-इमारत गुंतवणुकीत धरत नाहीत. म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण सूक्ष्मच आहोत आणि बराच काळ राहू, त्यात कमीपणा काही नाही. खाद्यपदार्थ असतील तर घरगुती प्रमाणावरही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख आणि पत्ता हवा. अनुदानाच्या योजना जिल्हा उद्योग केंद्रात विचारा, पण आधी पायरी ३ आणि ५ पूर्ण करून जा. नुसतं अनुदान मिळतंय म्हणून घेतलेल्या मशीनचा उरलेला हप्ता तुम्हालाच भरायचा असतो.

पायरी ८: पहिली चाचणी

पद्धत ठरली की लगेच पूर्ण ऑर्डर घेऊ नका. आधी पाच नग, ते मोजून गिऱ्हाइकाकडून सही घेऊन पास. एक पास नमुना सही-तारखेची चिठ्ठी लावून स्वतःकडे ठेवा. पुढे वाद झाला तर तोच साक्षीदार. मग १०० नग, नेहमीच्याच माणसांकडून, नेहमीच्याच वेगाने, तुम्ही बाजूला उभं राहून. किती बाद झाले, का बाद झाले, प्रत्यक्ष किती वेळ लागला, हे लिहा. वहीतल्या पायरी ३ च्या आकड्यांशेजारी हे खरे आकडे मांडा आणि मगच दर द्या. माझ्याकडे हे दोन आकडे एकदाही तंतोतंत जुळलेले नाहीत. करणावळ दहा-पंधरा टक्के जास्तच निघते, म्हणून तेवढी मी आधीच धरतो.

खाण्याच्या वस्तूत १०० नगांच्या जागी एक घाणा काढा आणि त्यातली दहा पाकिटं तारीख टाकून फडताळात ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक फोडून तळून बघा. कळंबच्या गटाने ड्रायरमधल्या पहिल्या कुरडयांची अशी दहा पाकिटं ठेवली होती. चौथं पाकीट फोडलं तेव्हा कुरडई तेलात नीट फुलली नाही, मधे कच्ची राहिली. शोधलं तर ड्रायरच्या खालच्या थरातला माल अर्धा दिवस लवकर काढला जात होता. आता खालच्या चाळण्यांना लाल दोरा बांधला आहे, आणि लाल दोऱ्याचा माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच उतरतो.